हरताळ

परवा काकांचा फोन आला. सोलापूरचं जुनं घर दिवाळीआधी रिकामं करायचंय. भांडी वाटून झाली, कपाटं विकली, राहिली आजोबांची पोथ्यांची पेटी. "कोणाला वाचता येत नाही, नुसत्या घरात ठेवून दोष कशाला? भीमेत सोडून देऊ," काका म्हणाले. मी नुसतं हं हं केलं. फोनवर मला मोठ्यांशी वाद घालता येत नाही, म्हणून इथे लिहितोय. घरचे बरेच जण हे वाचतात, हे माहीत आहे!

लहानपणी त्या पेटीतली एक पोथी बघताना मी आजोबांना विचारलं होतं, मध्येच हे पिवळे डाग कसले? आजोबा म्हणाले, "लिहिणाऱ्याची चूक. वर हरताळ फासलाय." तोवर मला वाटायचं की हरताळ म्हणजे फक्त बंद, संप. तो शब्द वेगळा. हा हरताळ म्हणजे एक पिवळं खनिज, गंधक आणि आर्सेनिकचं, विषारी. चुकलेल्या अक्षरांवर त्याचा लेप द्यायचा आणि वर पुन्हा लिहायचं. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला.

हे सगळं आठवलं ते बँकॉकमुळे. तिथे सुआन पक्कड नावाच्या वाड्यात एक लाकडी मंडप आहे. मूळचा अयुत्थयाकडचा. राजकुमार चुंभोट यांनी तो तिथून आणवून उभारला आणि 1959 साली पत्नीला पन्नासाव्या वाढदिवसाची भेट म्हणून दिला. आतल्या भिंती काळ्याभोर, आणि त्यावर सोन्यात बुद्धचरित्र. खाली चक्क रामायण! आपल्याला लाक्षागृह म्हटलं की जळणारं घर आठवतं, हे मात्र टिकलेलं. (तिथलं लाखेचं रोगण झाडाच्या चिकापासून करतात, आपली लाख किड्यांची.)

या कलेचं नाव 'लाय रोट नाम', म्हणजे पाण्याने धुऊन काढलेली नक्षी. आधी लाकडावर काळ्या रोगणाचे थरावर थर द्यायचे आणि घासून गुळगुळीत करायचे. मग नक्षीच्या कागदाला सुईने भोकं पाडून वरून पांढरी भुकटी आपटायची, आपल्याकडे साडीवर भरतकामाची नक्षी उतरवतात तसंच. जिथे काळं राहायला हवं तिथे पिवळी शाई भरायची. वरून रोगणाचा अगदी पातळ हात द्यायचा, ते चिकट असतानाच सगळीकडे सोन्याचा वर्ख लावायचा आणि दुसऱ्या दिवशी पाण्याने धुवायचं. पिवळी शाई विरघळते, आपल्यावरचं सोनं घेऊन जाते. उरलेलं सोनं म्हणजे चित्र.

ही पिवळी शाई कशाची? हरताळ, कवठाचा डिंक आणि शिकेकाईचं पाणी! थाई भाषेत हरताळाला 'होरदान' म्हणतात. आपल्या संस्कृत 'हरिताल'चाच तो अवतार. म्हणजे इथे चूक झाकणारा हरताळ तिथे सोन्याला वाट करून देतो.

आणि ही नक्षी सगळ्यात जास्त कुठे दिसते, तर पोथ्यांच्या कपाटांवर. ताडपत्रावरचं त्रिपिटक ठेवायला विहारांमधून अशी कपाटं करत. 1767 मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने अयुत्थया जाळलं, त्यात किती पोथ्या गेल्या असतील! तरीही त्या काळातली काही कपाटं आज बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. ज्यांनी पोथीच्या कपाटाला सोनं लावलं, त्यांच्या दृष्टीने आतल्या पोथीची किंमत काय असेल?

आपलं सोलापूरही यात मागे नाही. इथल्या जैन संस्कृती संरक्षक संघाने 1943 मध्ये 'तिलोयपण्णत्ती' या प्राकृत ग्रंथाचा पहिला भाग छापला. आदिनाथ उपाध्ये आणि हीरालाल जैन यांनी तो जुन्या हस्तलिखितांवरून सिद्ध केला. ती हस्तलिखितं कोणीतरी, वाचता येत नसतानाही, नदीत सोडली नव्हती म्हणून हे झालं.

काका, तुमची श्रद्धा मला कळते. पण त्या शाईचं सोनं पाण्यात उरतं, आपल्या पोथ्यांचं काहीच उरणार नाही. पुण्याला भांडारकर संस्थेत विचारू, नाहीतर माझ्या घरी जागा आहे. दिवाळीच्या आत मी येतो, पेटी उचलायला. तोवर तिला पाणी लागू देऊ नका, एवढंच.