टोनीने फाटक कसे उघडले?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात टोनी नावाचा एक फॉक्स टेरिअर कुत्रा होता. बाहेर जावेसे वाटले की तो अंगणाच्या लोखंडी फाटकापाशी जाई, गजांमधून डोके घालून कडी वर उचली आणि फाटक आपोआप उघडताच रस्त्यावर पसार होई. पाहणाऱ्याला वाटे, या कुत्र्याला कडीचे काम कळले आहे. कडी उचलली की फाटक सुटते, हा कार्यकारणभाव त्याने ओळखला आहे. टोनीचे मालक सी. लॉइड मॉर्गन यांना मात्र तसे वाटत नव्हते. याचे कारण साधे होते. त्यांनी हा प्रकार अगदी पहिल्यापासून पाहिला होता.

त्या काळी प्राण्यांच्या बुद्धीचा अभ्यास बराचसा किश्शांवर उभा होता. माणूस आणि इतर प्राणी यांच्या मनांत फरक आहे तो प्रमाणाचा, प्रकाराचा नव्हे, असे चार्ल्स डार्विन यांनी १८७१ साली मांडले होते. पुढच्याच वर्षीच्या ग्रंथात त्यांनी आपल्या घरच्या टेरिअर कुत्रीच्या वागण्याचाही दाखला दिला. त्यांचे तरुण सहकारी जॉर्ज रोमानेस यांनी १८८२ मध्ये प्राण्यांच्या हुशारीच्या असंख्य हकिकती एकत्र करून प्रसिद्ध केल्या. त्यांतील अनेक लोकांनी पत्रांतून कळवलेल्या होत्या. अशा हकिकतींत एक उणीव असे. प्राणी एखादी करामत सफाईने करू लागल्यावरच ती कोणाच्या तरी नजरेस येई. ती तो शिकला कशी, हे कोणी पाहिलेलेच नसे.

मॉर्गन यांनी नेमके तेच पाहिले. अंगणात सोडल्यावर टोनीला रस्त्यावरची गंमत खुणावी. तो गजांच्या एका फटीतून डोकावे, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. असेच डोकावताना एकदा त्याचे डोके कडीखाली गेले आणि कडी उचलली गेली. त्याने डोके मागे घेतले आणि तो दुसरीकडे डोकावू लागला. फाटक उघडल्याचे त्याच्या लक्षात आले ते नंतर. पुढच्या खेपांना चुकीच्या फटी हळूहळू कमी होत गेल्या. दहा-बारा वेळा असे घडल्यावर तो सरळ योग्य जागी जाऊ लागला. याला सुमारे तीन आठवडे लागले. कडी डोक्याच्या मागच्या भागाऐवजी नाकाडाने उचलावी, म्हणून मॉर्गन यांनी पुष्कळ बिस्किटे खर्च केली, पण टोनीने आपली पद्धत बदलली नाही. जी हालचाल योगायोगाने फळाला आली, तीच पक्की झाली होती.

१८९४ साली मॉर्गन यांनी यावरून एक नियम मांडला. एखादी कृती साध्या मानसिक प्रक्रियेने समजावता येत असेल, तर तिच्यामागे अधिक वरच्या पातळीची बुद्धी गृहीत धरू नये. चार वर्षांनी अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक यांनी मांजरे आणि कुत्री कडी-खटक्यांच्या पेट्यांत ठेवून सुटकेला लागणारा वेळ मोजला. प्रत्येक खेपेगणिक तो वेळ कमी होत गेला. ज्या कृतीचे फळ सुखद, ती पुन्हा घडण्याची शक्यता अधिक, हे तत्त्व यातून पुढे आले. योग्य क्षणी खाऊ देऊन कुत्र्याला शिकवण्याची आजची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे.

हा इतिहास घरात कुत्रा पाळणाऱ्याच्या थेट उपयोगाचा आहे. टेरिअर हे नावच जमीन या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले. बिळात शिरून कोल्हे, उंदीर हुसकावण्यासाठी माणसानेच हा वंश घडवला. तो बागेतली माती उकरतो तेव्हा मालकावर सूड उगवत नसतो. संध्याकाळी घरी परतलेला मालक फाटलेली उशी पाहून ओरडतो, कुत्रा कान पाडून अंग चोरतो आणि मालक म्हणतो, "बघा, याला चूक कळते!" अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा 'अपराधी चेहरा' तपासला. तो कुत्र्याच्या चुकीशी नव्हे, तर मालकाच्या रागावण्याशी जोडलेला आढळला. काहीही न केलेली कुत्रीदेखील दटावल्यावर तशीच दिसत. तासाभरापूर्वीच्या कृत्यासाठी मारलेला फटका त्या कृत्याशी जोडलाच जात नाही. कुत्रा त्यातून शिकतो ते एवढेच, की घरी आलेल्या माणसाला भ्यावे.

मॉर्गन यांच्या नियमाचा अर्थ कुत्रा म्हणजे निव्वळ यंत्र, असा मात्र नाही. स्वतंत्र पुरावा असेल तर वरची क्षमता मान्य करावी, हे त्यांनीच पुढे स्पष्ट केले. तसा पुरावा भारतातल्या रस्त्यांवरही शोधला गेला आहे. आयसर कोलकाता येथील अनिंदिता भद्रा यांच्या गटाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कोणीही न शिकवलेल्या भटक्या कुत्र्यांना दोन झाकलेल्या भांड्यांपैकी एक बोटाने दाखवले. बरीच कुत्री बिचकून जवळच आली नाहीत. जी आली, त्यांतील सुमारे ८० टक्के कुत्री दाखवलेल्या भांड्याकडे गेली. येथेही निष्कर्ष निघाला तो एखाद्या हुशार कुत्र्याच्या गोष्टीवरून नव्हे, तर अनेक कुत्र्यांच्या काळजीपूर्वक नोंदींवरून.

सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवून आणण्यात मालकाने हयगय करणे, हा भारतात १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. पण पोट भरणे आणि फिरवणे एवढ्याने जबाबदारी संपत नाही. कुत्र्याच्या वागण्याला लबाडी, सूड, अपराधभाव अशी माणसाची नावे देण्यापूर्वी ते वागणे कसे सुरू झाले हे पाहणे, हाही त्याच्या संगोपनाचाच भाग आहे. तेवढे पाहायला तीन आठवडे लागू शकतात. मॉर्गन यांनी ते दिले, म्हणून टोनीच्या त्या फाटकातून एक नवे शास्त्र बाहेर पडले.