भोंगा वाजत असताना, भोंगा थांबल्यावर

२७ ऑगस्ट १९४९ रोजी सोलापूरची ‘जुनी गिरणी’ बंद झाली. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी हे तिचे कागदोपत्री नाव. मोरारजी गोकुळदासांनी काढलेली ही गिरणी १८७७ साली सुरू झाली आणि तिच्याभोवती आजचे सोलापूर वाढले. ती बंद पडताच हजारो घरांच्या चुली अडचणीत आल्या. ९ जानेवारी १९५० रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. त्याविरुद्ध चिरंजीतलाल चौधरी नावाचे एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या खटल्याचा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही वाचावा लागतो.

गिरणीचा कायदेशीर इतिहास असा पानोपानी नोंदलेला आहे. तिच्या आवाजाचा इतिहास मात्र लिहिला गेला नाही. पहाटेचा भोंगा, साचेखात्यातली ठकठक, त्या ठकठकीवर मात करून बोलायची सवय लागलेले गळे, हे सारे इतिहासाबाहेर राहिले. गिरणगावात कोणते गाणे जन्मते आणि गिरणी थांबली की त्या गाण्याचे काय होते, असा प्रश्न या लेखात विचारायचा आहे. त्यासाठी आधी थोडे दूर जावे लागेल.

आपल्याकडच्या पहिल्या पिढीतील गिरण्यांची यंत्रे बहुतांशी इंग्लंडच्या लँकशायर परगण्यातून, ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांतून आली. त्या परगण्याची कापडपेठ म्हणजे मँचेस्टर. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या गिरण्या एकामागून एक बंद झाल्या. विटांच्या काळवंडलेल्या इमारती उरल्या आणि त्यांचे भाडे अगदी नगण्य झाले. ४ जून १९७६ रोजी लंडनच्या ‘सेक्स पिस्टल्स’ या पंक वाद्यवृंदाने मँचेस्टरच्या एका लहान सभागृहात कार्यक्रम केला. श्रोते मूठभर होते. त्यांतल्या काही पोरांनी वाद्ये विकत घेतली आणि त्यातून पुढे ‘जॉय डिव्हिजन’ उभा राहिला. त्यांच्या तालमी टी. जे. डेव्हिडसन यांच्या जुन्या औद्योगिक इमारतीत चालत. १९७८ साली सुरू झालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका कंपनीचे नावच ‘फॅक्टरी’ होते. शहरातले कारखाने मिटत असताना हे नाव निवडले गेले, हे विसरू नये.

या संगीताला पुढे ‘पोस्ट-पंक’ म्हटले गेले. पंकचा वेग आणि राग त्यात आहे, पण आरडाओरड कमी आणि अवकाश जास्त. एरवी मागे राहणारी बास गिटार इथे चाल सांगते, गिटार तुटक बोलते, ड्रम यंत्रासारखा नेमका पडतो. १९७९च्या ‘अननोन प्लेझर्स’साठी निर्माते मार्टिन हॅनेट यांनी प्रत्येक आवाजाभोवती पोकळी ठेवली. ऐकताना रिकाम्या शेडमध्ये उभे असल्यासारखे वाटते.

या शैलीत तिघांच्या वाद्यवृंदांना वेगळे महत्त्व आहे. तिघेच असले की लपायला जागा नसते. एकाने हात आखडता घेतला तर तिथे भोक पडते, आणि त्या भोकाचाच गाण्यात उपयोग करावा लागतो. ‘द क्युअर’चे १९८१ आणि १९८२चे ‘फेथ’ आणि ‘पोर्नोग्राफी’ हे काळोखे अल्बम तिघांचेच. दुसरे टोक कॅलिफोर्नियातल्या सॅन पेड्रो बंदरातल्या ‘मिनटमेन’चे. तीन कष्टकरी वस्तीतली पोरे. १९८१च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये १५ मिनिटांत १८ गाणी आहेत. गिटारवादक डी. बून आपल्या गिटारचा स्वर मुद्दाम पातळ, टोकदार ठेवी, म्हणजे बास आणि ड्रमला त्यांची जागा मिळावी. वाद्यांमध्येही समता हवी, असा त्यामागे विचार होता. काटकसर हे त्यांचे सौंदर्यशास्त्रच झाले.

इथे सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीकडे परत येऊ. २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शीत मेहबूब हुसेन पटेल यांचा जन्म झाला. बसवर क्लीनर म्हणून, गिरणीत कामगार म्हणून त्यांनी कष्ट उपसले. चळवळीत शिरले, विसापूरच्या तुरुंगात गेले. पुढे कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओत त्यांना ‘अमर शेख’ हे नाव मिळाले. दुसरे वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, जन्म १ ऑगस्ट १९२०. वाटेगावहून मुंबईला आले, कोहिनूर गिरणीत राबले, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात लिहिते झाले. तिसरे शाहीर द. ना. गव्हाणकर. १९४४च्या सुमारास या तिघांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. पथकात साथीदार आणखी होते, पण नाव झाले ते या त्रयीचे. बंगालच्या दुष्काळापासून संयुक्त महाराष्ट्रापर्यंत जे जे घडले, ते या पथकाने कामगारवस्तीत गाऊन पोचवले.

पोस्ट-पंकशी यांचा कोणताही वंशसंबंध नाही. तसा दावा केला तर तो हास्यास्पद ठरेल. ‘स्वतंत्र’ हे विशेषणही दोन्हीकडे सारख्या अर्थाने लागू पडत नाही. मँचेस्टरच्या पोरांना कोणाचा झेंडा नको होता, तर आपल्या पथकाच्या नावातच झेंडा होता. साम्य आहे ते साधनांच्या गरिबीत आणि त्या गरिबीतून घडलेल्या ध्वनीत. डफ, तुणतुणे, झांज: तीनही वाद्ये स्वस्त, काखेत मारून नेता येणारी. तुणतुण्याला एकच तार. त्यामुळे ते चाल सांगू शकत नाही, फक्त एक सूर अखंड धरून ठेवते. डफाची थाप कोरडी, नेमकी. या दोहोंच्या मधली सारी जागा गळ्याने भरायची. अमर शेखांचा पहाडी आवाज त्या जागेतून उसळत असे. शाहिरीतला वेग आणि आवेश लोकांना चटकन जाणवतो, पण तिचा काळोख आपण दुर्लक्षितो. उपासमार, फाळणी, गोळीबार हे विषय उत्साहाच्या चालीत बांधले, की चाल जितकी धावते तितका विषय अधिक गडद होतो.

फरक आहे तो ऐकणाऱ्याच्या जागेत. मँचेस्टरचे संगीत भोंगा थांबल्यावर जन्मले. गिरणी रिकामी झाली होती. आवाज भिंतीवर आपटून गाणाऱ्याकडेच परत येई, म्हणून ते संगीत आत वळले. आपले त्रिकूट भोंगा वाजत असताना गात होते. पाळी सुटलेले लोक समोर बसलेले असत. शाहिराने ओळ टाकावी आणि झीलकऱ्यांनी ‘जी जी’ करत ती उचलावी, ही शाहिरीची रचनाच उत्तर गृहीत धरते. एका बाजूला प्रतिध्वनी, दुसऱ्या बाजूला प्रतिसाद.

म्हणूनच १९६९ हे साल मला महत्त्वाचे वाटते. १८ जुलैला अण्णाभाऊ गेले. त्यानंतर ४२ दिवसांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. इंदापूर हे पुणे–सोलापूर रस्त्यावरचे गाव. पुढच्या दशकांत सोलापूरच्या आणि मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे थांबत गेले. प्रतिसाद देणारा समूहच पांगला, तेव्हा त्या गाण्याची रचनाही आधाराविना राहिली. शाहिरी संपली असे मी म्हणत नाही. तिला समोर एकगठ्ठा बसलेली पाळी मिळेनाशी झाली, एवढेच म्हणतो.

आपल्या वाङ्मयेतिहासाने या तिघांना लेखक म्हणून जागा दिली, तीही उशिराने. अमर शेखांचे ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे संग्रह, अण्णाभाऊंच्या कथा-कादंबऱ्या, वगनाट्ये यांची चर्चा होते, ती व्हायलाच हवी. पण ती चर्चा कागदावरच्या शब्दांची आहे. पोवाडा छापला की त्यातला डफ गळतो. झीलकऱ्याने ओळ कुठे उचलली, शाहीर कुठे थांबला, तो थांबल्यावर मैदानात किती वेळ शांतता होती, हे छापील पानाला कळत नाही. मँचेस्टरच्या त्या तालीमखोलीचा आवाज, तिथल्या भिंतींसह, जगभर अभ्यासला जातो. याचे कारण त्यांचे संगीत आपल्यापेक्षा थोर होते असे नव्हे. त्यांनी तो वेळीच नोंदवला आणि ध्वनी हाही इतिहासाचा पुरावा मानला.

हा पुरावा आपल्याकडेही अजून थोडा शिल्लक आहे. तो सोलापूर-बार्शीच्या जुन्या कामगारवस्त्यांत, आज ऐंशीच्या पुढे असलेल्या माणसांच्या कानांत आहे. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून त्यांनी जे ऐकले, ते त्यांना शब्दांत धड सांगता येणार नाही, पण हाताने ठेका धरून दाखवता येईल. तो ठेका आत्ताच नोंदवायला हवा. जुन्या गिरणीचा खटला आणखी शंभर वर्षांनीही ग्रंथालयात सापडेल; हा ठेका त्या माणसांबरोबरच जाईल.