धानाच्या वाणांची वंशावळ : सक्करदऱ्याच्या वाटेनें

नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासावर आजवर जें लेखन झालें, तें बहुतांशीं मोहिमा, तह, दत्तविधान व खंडणी यांच्याभोवतीं फिरतें. ज्या धानावर या राज्याच्या पूर्वेकडील मुलखाचा वसूल अवलंबून होता, त्या धानाची कुळकथा आम्हां इतिहासाभ्यासकांच्या टांचणांत क्वचितच सांपडते. वंशावळी ताडून पाहण्याची आणि पोथ्यांचीं मूळें शोधण्याची जी संवय या त्रैमासिकाच्या वाचकांस आहे, ती येथें फार उपयोगी पडण्यासारखी आहे, असें आमचें मत झाल्यावरून हें टिपण सादर करीत आहों.

सक्करदरा हें नागपूर शहराच्या आग्नेय अंगास असलेलें भोसल्यांच्या बागेचें, तलावाचें व वाड्याचें ठिकाण. रघूजीराव भोसले यांनीं १९०८ त ताजुद्दीनबाबांस येथील वाड्यांत आणून ठेविलें, त्यामुळें लोकांत त्याचें नांव झालें. आमचें प्रयोजन निराळें आहे. सक्करदऱ्यावरून जाणारा उमरेडचा रस्ता पुढें भिवापुरावरून नागभीडास पोंचतो. काळी जमीन, कापूस आणि ज्वारी मागें पडतात. बोड्या, तलाव आणि बांध्या दिसूं लागतात. हीच झाडीपट्टी. कोहळी मालगुजारांनीं बांधलेल्या तलावांवर जगणारा हा धानाचा मुलूख, आणि पुढें ज्यांची हकीकत येणार आहे तें नांदेड गांव (मराठवाड्यांतील शहर नव्हे) याच वाटेवर नागभीड तालुक्यांत आहे.

भोसल्यांच्या बागांचें प्राक्तन मात्र एकसारखें झालें नाहीं. तिसरे रघूजी १८५३ त निपुत्रिक वारले, १८५४ त राज्य खालसा झालें, आणि कालांतरानें महाराजबाग सरकारी शेतकी खात्याच्या हातीं गेली. १९०६ त नागपूरचें शेतकी महाविद्यालय तेथेंच स्थिरावलें. सक्करदरा घराण्याकडे राहिला. धानाचा शास्त्रीय इतिहास भोसल्यांच्या एका बागेंत सुरू झाला, आणि त्याचा सर्वांत बोलका भाग दुसऱ्या बागेवरून निघणाऱ्या रस्त्याच्या टोंकाशीं घडला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

नागपूरच्या शेतकी खात्यांतील वनस्पतिशास्त्रज्ञ ग्रॅहॅम यांनीं १९१३ त मध्यप्रांतांतील धानाच्या वाणांचें वर्गीकरण प्रसिद्ध केलें. पानाचा व पर्णकोशाचा रंग, तुसाचा रंग, कुसळ असणें वा नसणें, दाण्याची लांबीरुंदी, हीं वाण ओळखण्याचीं लक्षणें. पोथीचा कागद, शाई, वळण आणि ओळींची संख्या टिपण्यासारखेंच हें काम. त्यानंतर महता व दवे यांनीं १९३१ त मध्यप्रांतांतील धानाच्या पैदाशीवर ग्रंथ लिहिला. रायपूरकडे या कामाचा मुख्य भर होता, आणि तेथील एक प्रकरण आमच्या वाचकांस विशेष रुचेल.

छत्तिसगडांत करगा नांवाचें रानधान शेतांत माजतें. फुलोऱ्यापर्यंत तें खऱ्या धानापासून ओळखूं येत नाहीं, आणि पिकण्याच्या आधींच त्याचे दाणे गळून पुन्हां जमिनींत जातात. निंदणाऱ्या बाईस कोणतें रोप उपटावें हेंच कळत नाहीं. तेव्हां तज्ज्ञांनीं जांभळ्या पानाचे धान संकरानें तयार केले. हिरवें तें उपटावें, जांभळें तें राखावें, इतकी सोपी खूण. दवे यांनीं १९४३ त या प्रश्नावर स्वतंत्र निबंध लिहिला. पण जांभळें धान व करगा यांचा शेतांत आपोआप संकर होऊन पुढें जांभळा करगाही निपजूं लागला. मूळ लेखकाची शाई पाहून प्रक्षेप ओळखावा, तों प्रक्षेपकारानेंही तीच शाई मिळवावी, असा हा प्रकार.

रोगाच्या बाबतींतही हेंच घडतें. भोसल्यांचेंच दुसरें घराणें जेथें नांदलें त्या तंजावरच्या खोऱ्यांत १९१९ त करप्याची मोठी सांथ आली. करपा हा बुरशीचा रोग; पानावर होडीच्या आकाराचे डाग पडतात, आणि लोंबीची मान कुजली म्हणजे दाणा भरत नाहीं. आदुतुराई १० हा तेथील आवडता वाण करप्यास सहज बळी पडे. कोइमतूरचा को. ४ हा वाण तग धरी. दोहोंचा संकर करून को. २५ काढण्यांत आला. आवडत्या वाणाचे गुण राखावे व दुसऱ्याकडून रोगास दाद न देण्याचा एक गुण घ्यावा, ही रीत तेव्हांपासून रुळली. अशा कामाचें मोल काय, हें बंगालवरून कळतें. १९४२ त तेथें तपकिरी ठिपक्यांच्या रोगानें धान बुडालें आणि पद्मनाभन् यांनीं १९७३ त तें पुढील वर्षींच्या दुष्काळाचें मोठें कारण मानलें. अमर्त्य सेन यांनीं १९८१ त तें कारण मुख्य मानण्यास नकार देऊन मजुरांच्या खरेदीच्या शक्तीकडे बोट दाखविलें. आमच्या मतें सेन यांची बाजू अधिक भक्कम आहे, पण रोग खोटा ठरत नाहीं.

झाडीपट्टीस करपा व कडाकरपा हे दोन्ही रोग परिचयाचे असले तरी तिचा खरा वैरी गादमाशी. शास्त्रदृष्ट्या ती कीड आहे, रोग नव्हे. पण प्रतिकारक वाण निपजविण्याची रीत तीच. डांसासारखी ही माशी पानावर अंडीं घालते. अळी वाढत्या कोंबापर्यंत उतरते, आणि फुटव्याच्या जागीं कांद्याच्या पातीसारखा पांढुरका पोंगा निघतो. त्या फुटव्याला लोंबी कधींच येत नाहीं. प्रतिकारक वाणांत अळी कोंबाशीं पोंचते, पण तेथें मरते. कांहीं वाणांत ती जागा तांबूस होऊन जळते, कांहींत तसें चिन्ह दिसत नाहीं.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. सयामांतील सयाम २९ या वाणांत गादमाशीस दाद न देणारा गुण होता. आय. आर. ८ शीं त्याचा संकर करून फाल्गुना व सुरेखा हे वाण काढण्यांत आले आणि १९७० नंतरच्या दशकांत ते नांवाजले. शेतकऱ्याच्या दृष्टीनें नांवें दोन, बियाण्याच्या पिशव्या दोन. पण दोहोंचा प्रतिकार एकाच पूर्वजाचा. पुढें माशीचा असा एक प्रकार पसरला कीं, त्यापुढें तो गुण निष्फळ झाला. तज्ज्ञ त्याला चौथा प्रकार म्हणतात. तो आंध्रांतील श्रीकाकुळमकडे आढळला आणि महाराष्ट्रांत आमच्या भंडाऱ्याकडेही. ईश्वरकोरा या वाणापासून आलेला दुसरा गुणही त्यापुढें टिकला नाहीं. टिकला तो आसामांतून गोळा केलेल्या धानसंग्रहांतील ए. आर. सी. ५९८४ यांचा. १९७० च्या आगेंमागें कोणींतरी डोंगरांतून हजारों वाण जमविले, गांवाच्या व वाणाच्या नोंदीसह ठेविले, म्हणून तो हातीं लागला.

दहा पोथ्यांत एकच पाठ आढळला म्हणून तो दहा साक्षींचा ठरत नाहीं. दहाही एका प्रतीवरून उतरल्या असतील तर साक्ष एकच, हें आपल्या मंडळींस सांगावें लागत नाहीं. धानाच्या बाबतींत मात्र हा विवेक शेतांत सुटतो. नांव निराळें दिसलें कीं वाण निराळा मानला जातो, आणि एकाच वर्षीं ते सगळे एकदम बुडतात. सिंदेवाही व साकोली येथील भात संशोधन केंद्रांत काम करणाऱ्यांस हें पूर्ण ठाऊक आहे. त्यांच्या वाणांच्या निवडींत गादमाशीची कसोटी असते. प्रश्न नोंदीचा आहे.

नोंदीचा प्रश्न नांदेडच्या दादाजी रामाजी खोब्रागडे यांच्या हकीकतींत उघडा पडतो. तिसरीपर्यंत शिकलेले, दीड एकराचे धनी असलेले हे गृहस्थ. १९८३ त पटेल-३ या वाणाच्या शेतांत त्यांना पिंवळसर छटेच्या तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनीं त्या जपून ठेवल्या, पुढल्या वर्षीं लहानशा तुकड्यांत पेरल्या, रानडुकरांपासून कांट्यांनीं राखल्या, आणि वर्षानुवर्षें निवड करून बारीक दाण्याचा वाण स्थिर केला. तळोधीच्या बाजारांत त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचें एच. एम. टी. हें नांव पडलें. १९९४ त सिंदेवाहीच्या केंद्रानें त्याचें पांच किलो बियाणें प्रयोगासाठीं नेलें. १९९८ त तो पंजाबराव कृषि विद्यापीठाच्या नांवानें पी. के. व्ही.-एच. एम. टी. म्हणून प्रसिद्ध झाला. विद्यापीठाचें म्हणणें, बियाणें आम्हीं शुद्ध केलें. खोब्रागड्यांचें म्हणणें, वाण माझा. लिपिकारानें पोथी स्वच्छ उतरली म्हणून तिच्यावरचें ग्रंथकाराचें नांव पुसावें, असें कोणी म्हणणार नाहीं. आमचें झुकतें माप खोब्रागड्यांकडेच आहे. २००५ त राष्ट्रपति अब्दुल कलाम यांच्या हस्तें त्यांचा गौरव झाला, आणि ३ जून २०१८ रोजीं ते वारले. डी. आर. के., नांदेड चिन्नोर, विजय नांदेड असे त्यांचे आणखीही वाण आहेत.

एच. एम. टी. ची कीर्ति बारीक दाण्याची, रोगप्रतिकाराची नव्हे. तरी हें प्रकरण येथें अप्रस्तुत नाहीं. एच. एम. टी. हा पटेल-३ चा वंशज. पटेल-३ जबलपूरच्या डॉ. पटेल यांचा. ज्या दुबळेपणानें पूर्वज बाधित होता, तो वंशजांत उतरण्याचा संभव असतोच. म्हणून मधल्या एका पिढीचें नांव कागदावरून गेलें तर केवळ एका माणसावर अन्याय होत नाहीं. पुढें सांथ आली असतां कोणाचा कोण, हें शोधण्याचा धागाही तुटतो. २००१ च्या कायद्यानें शेतकऱ्यास आपला वाण, पूर्वींपासून प्रचारांत असलेलाही, नोंदविण्याचा अधिकार दिला आहे, परंतु जुन्या वाणांची वंशावळ कागदपत्रांतून शोधून काढणें हा भाग निराळा. तो आपल्या आवाक्यांत थोडाफार आहे.

जुन्या मालगुजारी वह्यांत जमाखर्चाबरोबर बियाण्याची उचलही लिहिलेली असते : कोणास किती खंडी, कोणत्या बांधीसाठीं, परतफेड किती. संग्राहक बहुधा मोहोर असलेलीं पानें जपतात आणि अशीं पानें रद्दींत जाऊं देतात. ज्यांच्या संग्रहीं झाडीपट्टींतील, विशेषतः भंडारा, ब्रह्मपुरी व नागभीड या भागांतील वह्या असतील, त्यांनीं धानाच्या वाणाचें नांव आलेल्या ओळींची नक्कल, वह्यांचें वर्ष व गांव यांसह, मंडळाकडे पाठवावी. नांवाचें वळण जसें असेल तसेंच उतरावें. शुद्ध करूं नये.