उपराष्ट्रपती

‘उप’ हा संस्कृत उपसर्ग मुळात जवळीक दाखवतो. उपनगर शहराला लागूनच असते. पुढे त्याला दुय्यमपणाचा अर्थ चिकटला आणि उपराष्ट्रपती म्हणजे राखीव राष्ट्रपती, असा समज रुजला. तो अर्धाच खरा. राष्ट्रपतिपद रिकामे झाले की ते सांभाळायचे. १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरींनी ते सांभाळलेही. एरवीचे काम मात्र राज्यसभेच्या सभापतिपदाचे. पदावरून हटवण्याची रीतही दोघांची वेगळी. ‘महाभियोग’ हा भारदस्त शब्द घटनेने राष्ट्रपतींपुरताच राखला आहे. उपराष्ट्रपतींना हटवायला अनुच्छेद ६७ नुसार १४ दिवसांची नोटीस, राज्यसभेच्या तत्कालीन सर्व सदस्यांच्या बहुमताने ठराव आणि लोकसभेची संमती एवढे पुरते. कारणे कोणती, हे घटना सांगतच नाही. आजवर असा ठराव एकदाही मंजूर झालेला नाही.