काकाची चोच



पळसाला संस्कृतात किंशुक म्हणतात, म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?' फुलाची चोच बघून पडलेलं नाव! न्यूझीलंडच्या माओरींनाही एका झुडुपात तेच दिसलं. त्याचं नाव 'न्गुतुकाका'. न्गुतु म्हणजे चोच आणि काका म्हणजे इथला रानपोपट (आपला काका नव्हे). वसंतात, म्हणजे इथल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्याला लालभडक चोचींचे घोस लटकतात.

हे झुडूप मूळचं उत्तर बेटावरचं. युरोपीय लोक यायच्या आधीपासून माओरी ते वस्तीजवळ लावत. १७६९ मध्ये कुकच्या जहाजावरच्या बँक्स आणि सोलांडर यांनी त्याचे नमुने घेतले. १८३० च्या दशकात ते इंग्लंडच्या बागांत फुललंसुद्धा. रानात मात्र त्याचे हाल झाले. बाहेरून आणलेल्या शेळ्या, हरणं आणि गोगलगायींनी फडशा पाडला. २००५ च्या सुमारास रानात जेमतेम दीडशे झाडं उरली होती.

म्हणजे झाड वाचलं ते बागांमुळे. पण मेख अशी, की बागांतली बहुतेक झाडं मोजक्याच झाडांची वंशज. संख्या भरपूर, विविधता थोडी.

जपणुकीची दुसरी तऱ्हा आमच्या रिकार्टनमध्येच आहे. डीन्स बंधू १८४३ मध्ये इथे स्थायिक झाले. १८५४ मध्ये जॉन डीन्स वारले, ते घराजवळचं काहिकाटेया वृक्षांचं रान राखा असं सांगून. घरच्यांनी शब्द पाळला आणि १९१४ मध्ये ते रान जनतेला दिलं. भोवती शहर वाढलं, पण आपल्या देवराईसारखं ते अजून उभं आहे. तिथे एकेक झाड नाही, अख्खं रान टिकलंय.

बागेत असं रान काही मावत नाही. तरी न्गुतुकाका लावायचं असेल तर बियांचं कडक साल सँडपेपरने हलकेच घासा आणि बी रात्रभर पाण्यात भिजवा. रोप घराच्या उत्तरेच्या भिंतीशी लावा (इथे ऊन उत्तरेकडून येतं!), पाण्याचा निचरा हवा. गोगलगायी रोज वेचा. फुलं सरली की छाटणी करा. झाड फार वर्षं जगत नाही, म्हणून बी राखून ठेवा. आणि रोपवाटिकेत एक प्रश्न जरूर विचारा: हे बी मूळ कुठल्या रानातलं? सगळ्यांनी एकाच झाडाची पिल्लं लावली, तर आपण फक्त फूल जपू, झाड नाही.

चूकभूल द्यावी घ्यावी.

आपला,
एक रिकार्टनकर