ऑपरेटिंग सिस्टिमचा परवाना व यंत्रबदल

संगणकाच्या यंत्रभागांचे नियंत्रण करणाऱ्या मूलभूत आज्ञावलीस ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. ग्राहकास सामान्यतः तिची मालकी नव्हे, तर वापराचा परवाना मिळतो. तो यंत्राचा की माणसाचा, हा प्रश्न यंत्र बदलताना उपस्थित होतो.

प्रारंभी आज्ञावली यंत्राबरोबरच, वेगळे मूल्य न आकारता दिल्या जात. १९६९ मध्ये आयबीएम कंपनीने काही आज्ञावलींची स्वतंत्र विक्री जाहीर केली. अमेरिकेतील डेटा जनरल कंपनी आपल्या आरडीओएस प्रणालीचा परवाना स्वतःच्या नोव्हा संगणकांपुरताच देत असे. डिजिडाइन खटल्यात अपील न्यायालयाने १९८४ मध्ये हे बंधन बेकायदा ठरविले.

मायक्रोसॉफ्टने २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर सक्रियीकरणाची पद्धत आणली. तीत स्मृती, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड इ. भागांवरून संगणकाची सांकेतिक ओळख तयार होई. एखादा भाग बदलल्यास अडचण येत नसे. बरेच भाग बदलल्यास मात्र पुन्हा सक्रियीकरण करावे लागे. विंडोजचा स्वतंत्रपणे विकत घेतलेला परवाना जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो. संगणकासोबत आलेला परवाना मात्र त्या यंत्रापुरताच असतो. त्यामुळे अशा संगणकाऐवजी नवा जुळविणाऱ्यास त्याच प्रणालीचे मूल्य पुन्हा द्यावे लागते. २०१६ पासून विंडोज १० चा परवाना वापरकर्त्याच्या खात्याशी जोडता येऊ लागला. तथापि त्यामुळे यंत्राशी बांधलेला परवाना हस्तांतरणीय होत नाही. १९९२ पासून जीपीएल या मुक्त परवान्याखाली मिळणाऱ्या लिनक्सच्या बाबतीत हा प्रश्नच उद्‌भवत नाही.