हत्यारांचा कायदा : हेतू आणि फळ

अमेरिकेतील एखाद्या शाळेत गोळीबार झाल्याची वार्ता आली, की आपल्याकडील वृत्तपत्रांतून एक प्रश्न ठरल्याप्रमाणे विचारला जातो : बंदुकांवर कडक निर्बंध घातले, तर हिंसक गुन्हे कमी होतात काय? प्रश्न तिकडचा, आकडे तिकडचे आणि उत्तरेही तिकडचीच. वस्तुतः या बाबतीत आपल्या देशाइतका दीर्घ अनुभव फार थोड्या देशांच्या पदरी असेल. शस्त्रपरवान्याची पद्धत येथे दीडशेहून अधिक वर्षे अखंड चालू आहे. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या टेबलावरून परवान्याचे अर्ज आजही जात असतील. तेव्हा या प्रश्नाचा विचार आपल्याच दप्तरावरून करून पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

या विचारात आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. आपल्याकडील हत्यारबंदीचा उगम चोर-दरोडेखोरांच्या भयातून झालेला नाही. १८४९ साली पंजाब खालसा झाला, तेव्हा इंग्रजांनी प्रथम काय केले असेल, तर लोकांची हत्यारे काढून घेतली. सुमारे १ लक्ष २० हजार हत्यारे जमा झाली. पुढे १८५७ चा प्रलय उसळला आणि त्याच वर्षी शस्त्रांविषयीचा पहिला सार्वत्रिक कायदा झाला. १८६० च्या एकतिसाव्या कायद्याने त्याची जागा घेतली. उठाव शमल्यावर अयोध्या प्रांतात जी झडती झाली, तीत दीड लक्षाहून अधिक बंदुका व पाच लक्षांहून अधिक तलवारी सरकारजमा झाल्या आणि तालुकदारांच्या दीड हजारांवर गढ्या पाडण्यात आल्या. हा बंदोबस्त प्रजेविरुद्ध होता. गुन्हेगार त्यात ओघाने आला इतकेच.

लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत १८७८ चा अकरावा कायदा झाला आणि या बंदोबस्ताला कायमचे स्वरूप आले. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. पैकी वृत्तपत्रांचा कायदा रिपनसाहेबांच्या कारकीर्दीत रद्द झाला; हत्यारांचा मात्र ८० वर्षांहून अधिक काळ टिकला. त्याच्या व्याख्येत बंदुकांबरोबर तलवारी, खंजीर, भाले, इतकेच काय, धनुष्यबाणही होते. युरोपियनांना मात्र परवान्याची गरज नव्हती. संस्थानिक, पदवीधारी आणि सरकारच्या मर्जीतील बडे लोक यांनाही सवलतींच्या यादीत स्थान मिळे. रानडुकरे पीक फस्त करीत, वाघ जनावरे उचलून नेई, तरी कुणब्याने बंदुकीसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्यात आणि साहेबाच्या बंगल्यात मात्र विनापरवाना बंदुकांची रांग असावी, हा भेद लोकांना फार झोंबला. १८८७ च्या मद्रास काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. अहिंसेचे उपासक गांधीजी यांनीही साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याची गणना इंग्रजी राज्याच्या अत्यंत काळ्या कृत्यांत केली आहे. वांशिक भेद नियमांतून निघाला तो पहिल्या महायुद्धानंतर.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की त्याचा एक परिणाम अजूनही आपल्यामागे आहे. बंदूक बाळगणे ही सरकारच्या कृपेची खूण ठरली. परवाना मिळाला म्हणजे इभ्रत मिळाली, ही समजूत त्या काळी रुजली आणि राज्य बदलले तरी ती गेली नाही. तिचा विचार पुढे येईलच.

आता फळाकडे वळू. कायद्यामुळे हिंसा कमी झाली काय? १८७८ पूर्वीचेच एक उदाहरण प्रथम घेऊ. नर्मदेच्या खोऱ्यात आणि बुंदेलखंडात ज्यांचे नाव घेताच वाटसरूंचा थरकाप होई, त्या ठगांचे मुख्य शस्त्र रुमाल होते. त्यांच्या बळींच्या संख्येविषयी आज इतिहासकार पूर्वीइतके निःशंक नाहीत. परंतु त्यांचा बीमोड कसा झाला याविषयी वाद नाही. माफीचे साक्षीदार फोडणे, टोळ्यांच्या वंशावळी तयार करणे, एका जिल्ह्याची माहिती दुसऱ्या जिल्ह्यास पुरवणे आणि टोळीत असणे हाच गुन्हा ठरवणारा १८३६ चा कायदा, ही कर्नल स्लीमन यांची साधने होती. हत्यारबंदीचा त्यात कोठेही संबंध नव्हता. गुन्हेगाराचा हात ओळखणे हे त्याचे हत्यार हिरावण्यापेक्षा अधिक फलदायी ठरले.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. कायदा झाला १८७८ साली. त्याच्या दुसऱ्याच वर्षी पुण्यातील लष्करी हिशेब कचेरीत नोकरी केलेले वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशांना हाताशी धरून बंड उभारले. १८९७ साली पुण्यात रँड यांच्यावर पिस्तूल झाडले गेले. १९०९ साली नाशकात कलेक्टर जॅक्सन यांच्यावर झाडले गेलेले पिस्तूल तर विलायतेहून आले होते. या घटनांची गणना चोऱ्या-दरोड्यांत करण्याइतके आम्ही कृतघ्न नाही. मुद्दा एवढाच, की ज्याने प्राणावर उदार होऊन निश्चय केला आहे, त्याची वाट परवान्याच्या नियमाने अडत नाही. हे देशभक्ताच्या बाबतीत जितके खरे, तितकेच दुर्दैवाने दरोडेखोराच्या बाबतीतही खरे आहे.

उलट बाजूचे उदाहरण कूर्गचे. म्हैसूर व कूर्गचे कमिशनर मार्क कब्बन यांनी १८६१ साली कूर्गी लोकांना हत्यारबंदीतून मुक्त केले. ही सवलत इंग्रजी राज्य गेले तरी टिकली. केंद्र सरकारने २०१९ साली ती २०२९ पर्यंत वाढवली आणि तिच्याविरुद्ध झालेला अर्ज कर्नाटकाच्या उच्च न्यायालयाने २०२१ साली फेटाळला. त्या डोंगराळ मुलखात कैलपोळदच्या सणाला बंदुकीची पूजा होते. मुलगा जन्मला की एक बार काढतात आणि घरात कोणी वारले की दोन. इतक्या बंदुका असूनही कूर्ग म्हणजे दंगेखोर मुलूख, असा लौकिक कधी झाला नाही. तेथे बंदूक कुळाची आहे, तिच्यावर घरातील वडीलधाऱ्यांची नजर आहे, आणि ती मिळवण्यासाठी कोणाची मर्जी संपादन करावी लागत नाही.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, की मग कायदा हवाच कशाला? हा प्रश्न आपल्या घटनाकारांपुढेही आला होता. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला होता. त्याच्या आधारे श्री. हरि विष्णु कामत यांनी डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत दुरुस्ती मांडली. कामत हे पूर्वीचे आय. सी. एस. अधिकारी, नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात आलेले. डॉ. आंबेडकरांनी ती दुरुस्ती स्वीकारली नाही. ज्याला त्याला बाजारात जाऊन वाटेल ते प्राणघातक हत्यार विकत घेण्याची मुभा दिल्यावर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा सवाल होता. ज्या परक्या सत्तेला प्रजेचे भय होते ती गेली होती. पण फाळणीच्या रक्तपाताला जेमतेम सव्वा वर्ष झाले होते, हे त्या उत्तरामागे होतेच.

पुढे १९५९ चा शस्त्रकायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. भाले, तलवारी, धनुष्यबाण यांवरील सरसकट निर्बंध त्याने उठवला. अशा हत्यारांसाठी परवाना लागेल तो सरकारने जाहीर केलेल्या भागातच. बंदुकीसाठी मात्र परवाना राहिला. १९८३ साली एका माणसास तीनच बंदुका ही मर्यादा आली. २०१९ साली ती दोनवर आली, आणि चोरट्या हत्यारांच्या निर्मितीस किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठरली. कागदावर पाहता याहून कडक कायदा फार थोड्या देशांत सापडेल.

आणि तरीही मुंगेर आहे. १७६२ च्या सुमारास नवाब मीर कासिमने मुर्शिदाबाद सोडून गंगाकाठच्या मुंगेरास राजधानी नेली आणि गुर्गीन खान या आर्मेनियन सरदाराच्या देखरेखीखाली तेथे बंदुकांचे कारखाने उघडले. नवाबाचे राज्य बक्सरच्या रणात १७६४ साली बुडाले, पण लोहारांची विद्या बुडाली नाही. बापाकडून मुलाकडे ती उतरत आली. परवानाधारक कारागिरांचा कारखाना तेथे आहे; परंतु परवान्याच्या बंदुकीस गिऱ्हाईक जसजसे कमी होत गेले, तसतसे त्यांतले काही हात चोरट्या कामाकडे वळले. बिहार व उत्तर प्रदेशात ज्याला कट्टा म्हणतात, त्या गावठी पिस्तुलाशी मुंगेरचे नाव जडले आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे वार्षिक अहवाल पाहिले, तर पोलिसांनी पकडलेल्या हत्यारांत विनापरवाना व गावठी हत्यारांचीच बहुसंख्या आढळते. बंदुकीचे काम मिळेनासे झालेल्या कुशल हातांना दुसरे काम द्यावे, हे कायद्याच्या कोणत्याही कलमात नाही.

चंबळच्या खोऱ्याची हकीकत निराळी. शिंदेशाहीत ग्वाल्हेरीस नोकरीनिमित्त राहिलेल्या मराठी कुटुंबांना भिंड-मुरैनाची कहाणी सांगावयास नको. मानसिंग १९५५ साली पोलिसांच्या गोळीस बळी पडला. १९६० साली विनोबाजींपुढे वीस बागींनी शस्त्रे ठेवली. १९७२ साली जौऱ्यास जयप्रकाशांच्या उपस्थितीत गांधीजींच्या तसबिरीसमोर बंदुकांचा ढीग पडला. परंतु त्या मुलखात खांद्यावर बंदूक हे घरंदाजपणाचे लक्षण मानले जाते, ते बागी गेल्यावरही तसेच राहिले. वर ज्या इभ्रतीचा उल्लेख केला, ती ही. संरक्षणाची गरज संपली तरी परवान्याची हौस संपत नाही. आणि जेथे परवाने बहुत, तेथे कारखान्यात तयार झालेल्या काडतुसांना वाट फुटण्याची भीतीही अधिक. कट्टा लोहार करील, काडतूस करणे मात्र त्यालाही सहजासहजी साधत नाही.

मग निष्कर्ष काय? कायदा पक्क्या गुन्हेगाराचा हात धरू शकत नाही, हे वरील उदाहरणांवरून उघड आहे. परंतु सगळे खून पक्के गुन्हेगार करीत नाहीत. २०२२ साली देशात २८ हजार ५२२ खुनांची नोंद झाली. त्यांत लाभासाठी झालेले १ हजार ८८४. वैरापोटी झालेले ३ हजार ७६१. आणि वादावादीतून, भांडणातून झालेले ९ हजार ९६२. बांध, पाणी, भाऊबंदकी, दारू ही त्या भांडणांची नेहमीची कारणे प्रत्येक तहसीलदारास पाठ असतात. अशा वेळी संतापलेला माणूस जे हाताशी लागेल ते उचलतो. काठी उचलली तर पुष्कळदा डोके फुटून निभावते; बंदूक उचलली तर निभावत नाही. अमेरिकेत अलीकडे दर चार खुनांपैकी तीन किंवा अधिक बंदुकीने होतात, आणि २०२२ साली लोकसंख्येच्या मानाने तेथील खुनांचे प्रमाण आपल्या सुमारे तिप्पट होते. ऑस्ट्रेलियाने १९९६ सालच्या पोर्ट आर्थरच्या हत्याकांडानंतर सुमारे साडेसहा लक्ष बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. त्यानंतर बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या घटल्या, याविषयी अभ्यासकांत बरेचसे एकमत आहे. खुनांचे प्रमाण आधीपासूनच घसरत होते, म्हणून त्याचे श्रेय कायद्याला किती द्यावे, याविषयी मात्र वाद आहे. ज्याला क्षणभराचा क्रोध किंवा क्षणभराची निराशा झाली, त्याच्या हातापासून बंदूक दूर ठेवणे, हे या कायद्याचे खरे काम. ते दिसत नाही, कारण न झालेल्या खुनाची नोंद कोणत्याच ठाण्यात होत नाही.

हे काम कायदा करतो, पण परवाना देणारा हात जितका स्वच्छ, तितकेच. ३१ डिसेंबर २०१६ रोजी देशात ३३ लक्ष ६९ हजार परवाने होते. त्यांपैकी १२ लक्ष ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात. आणि लोकसंख्येने त्याच्या पासंगासही न पुरणाऱ्या जम्मू-काश्मीरमध्ये ३ लक्ष ६९ हजार. २०१२ ते २०१६ या काळात तेथे अडीच लक्षांहून अधिक परवाने अपात्र व्यक्तींना देण्यात आले, असा आरोप ठेवून केंद्रीय अन्वेषण विभागाने चौकशी केली, आणि तीत जिल्ह्याचा कारभार पाहिलेले अधिकारीही गोवले गेले. आरोपांचा निकाल न्यायालये लावतील. परंतु गावठी कट्ट्याला लोहार लागतो, भट्टी लागते, अंधार लागतो. अयोग्य माणसाच्या हाती परवान्याची बंदूक जाण्यास एक शिक्का पुरतो, ही गोष्ट विसरता येत नाही.

निवडणुका जवळ आल्या, की जिल्ह्याजिल्ह्यांत परवानाधारकांस बंदुका ठाण्यात जमा करावयास सांगण्यात येते. सज्जन आणून देतो, पावती घेतो. कट्टेवाल्यास नोटीस जात नाही. या विसंगतीला हसणे सोपे आहे. परंतु ज्याचे नाव दप्तरी आहे त्याला तरी विचारता येते, हे सामर्थ्यही थोडे नव्हे.

कायद्याच्या १३ व्या कलमाप्रमाणे परवान्यापूर्वी जवळच्या ठाण्याचा अहवाल मागवावा लागतो. १४ व्या कलमाप्रमाणे नकार द्यावयाचा तर कारणे लिहून ठेवावी लागतात. आणि १८ व्या कलमाने अर्जदारास अपिलाची वाट ठेवली आहे. लिटनच्या काळी मर्जी होती. आज कारणे आहेत, हा दोन कायद्यांतील खरा फरक. तो फरक टिकवणे विधिमंडळाच्या हाती नाही. ठाणेदाराने अर्जदाराच्या घरी प्रत्यक्ष जाऊन अहवाल लिहिला की चौकीत बसून, आणि शिफारशीचे पत्र जोडलेल्या अर्जावर साहेबांनी इतर अर्जांइतकाच वेळ खर्च केला की नाही, यावर ते अवलंबून आहे. आमचे पुष्कळ वाचक अशा मुलखात काम करीत आहेत, की जेथे त्यांना ना भाऊबंद आहेत, ना सोयरे. परमुलखातील नोकरीचे दुःख आम्ही जाणतो. परंतु परवान्याची फाईल समोर आली असता हा परकेपणा उपयोगी पडतो. ज्या सहीमागे कोणाचा आग्रह नाही, अशा सहीनेच हा कायदा आपले काम करतो.